आजारी नसलेल्यांची नर्स

आमच्या यंत्रावर उज्जैनमध्ये सगळ्यांत आधी कुणाचा विश्वास बसला असेल, तर तो सुनांचा. ब्लडप्रेशरच्या यंत्रात पारा असतो, आणि मालव्यात काय किंवा आपल्या मराठीत काय, माणसाचा पारा चढतो तो रागानेच. त्यामुळे मी ओट्यावर पेटी उघडली की आतली सून हात पुसत बाहेर यायची आणि हळूच म्हणायची, "सिस्टर, आधी आमच्या सासूबाईंचा पाहा." सासूबाईंचा पारा खरोखरच वर गेलेला दिसला की तिच्या चेहऱ्यावर न्याय मिळाल्याचा असा काही आनंद पसरायचा की माझाच आकडा चुकायचा. हा रागाचा आकडा नाही, रक्ताच्या दाबाचा आहे, शांत माणसाचाही चढतो आणि दिवसभर भांडणाऱ्याचा अगदी झकास असू शकतो, असं मी सांगत राहायचे. ते कुणाला पटायचं नाही. पण दारं उघडली जायची, आणि आमच्या कामात दार उघडणं हेच अर्धं काम होतं.

मी नर्स होते, पण माझ्या नोकरीची उमेदीची वर्षं आजारी नसलेल्या माणसांना तपासण्यात गेली. म्हातारपण निरोगी कसं राहील, म्हातारपणी येणारे आजार आधीच कसे थोपवता येतील, यावर आज देशोदेशीचे लोक मिळून संशोधन करतात असं वाचते तेव्हा बरं वाटतं. आमच्या वेळी त्याला एवढं मोठं नाव नव्हतं. मोहल्ल्यातले लोक म्हणायचे, "बुजुर्गों की जाँचवाली आई है."

देश स्वतंत्र झाला तेव्हा मी इंदूरला नर्सिंग शिकून नुकतीच उज्जैनला परतले होते. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेर दरबारच्या कारकुनीतलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि मालवी, आणि बोलताना एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते आमचं आम्हालाही कळत नाही. मला दवाखान्यात पुरुषांचा वॉर्ड मिळाला. त्यात एक कोपरा लकव्याच्या रुग्णांचा होता. त्यांना कुशीवर वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून स्पिरिट चोळायचं, आणि घरचे लोक न्यायला येतात का याची वाट पाहायची, एवढंच तिथे करण्यासारखं होतं. औषध असं काही नव्हतंच.

वॉर्डाचे मुख्य डॉक्टर भागवत. उंच, शिडशिडीत, बोलायला महाग. एकदा सकाळच्या फेरीत ते एका निवृत्त पटवाऱ्याच्या खाटेपाशी थांबले. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं. याआधी यांना डॉक्टरांनी कधी तपासलं होतं, असं त्यांनी मुलाला विचारलं. मुलगा अभिमानाने म्हणाला, "बीमार ही कब पड़े, साहब!" व्हरांड्यात आल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळले.

"सिस्टर, ही सगळी माणसं इथे येण्याच्या आदल्या दिवशी कशी होती? निरोगी? माझा नाही विश्वास. मला त्यांना आदल्या दिवशी भेटायचंय."

मी म्हटलं, आदल्या दिवशी ते दवाखान्यात येणार कशाला? ते म्हणाले, म्हणून तर आपण जायचं.

त्या काळी हा विचार विक्षिप्त होता. वय वाढलं की रक्तदाब वाढणारच, असं भलेभले मानत. वयात शंभर मिळवा, तेवढं प्रेशर चालतं, असा हिशेब डॉक्टर लोक सर्रास सांगत. भागवतांना तो हिशेब मान्य नव्हता. केस पांढरे होणं वेगळं आणि रक्ताच्या नळ्या फुटायला येणं वेगळं, असं ते म्हणत.

तेवढ्यात संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, त्यामुळे सरकारी फायलीही ऋतू पाहून प्रवास करायच्या. कालपर्यंत ग्वाल्हेरचे नोकर, म्हणजे आम्ही उज्जैनवाले, आणि होळकरांचे नोकर, म्हणजे इंदूरवाले, एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहत होते, ते एका खात्यात आले. दोन्हीकडच्यांनी मिळून काहीतरी करावं अशी वरची इच्छा होती. भागवतांनी ती ओळखली आणि अर्ज केला. इंदूरबरोबर मिळून करणार असाल तरच मंजुरी, असं उत्तर आलं. इंदूरला डॉक्टर सक्सेना म्हणून होते. गोलमटोल, गडगडाटी हसणारे, आणि भागवतांशी कुठल्याच बाबतीत न जुळणारे. एका बाबतीत मात्र जुळले. त्यांनाही माणसांना आदल्या दिवशी भेटायचं होतं.

तिसरे आले व्यासजी. उज्जैनचे जुने वैद्य, देवास गेटजवळ त्यांचं औषधालय आणि मागे मोठं अंगण. सर्पगंधेची मुळी ते झोप न येणाऱ्यांना आणि डोकं फिरलेल्यांना पूर्वीपासून देत. आता त्याच मुळीने रक्तदाब उतरतो असं डॉक्टरांच्या मासिकांतून यायला लागलं होतं आणि मुंबईहून गोळ्याही मिळायला लागल्या होत्या. भागवत स्वतः व्यासजींकडे गेले आणि आमच्यात या म्हणाले. सक्सेनांना ते आवडलं नाही. सरकारी कामात काढे-चूर्णं नकोत, असं ते स्पष्ट बोलले. व्यासजींनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन बसले.

काम साधं होतं. मोहल्ले ठरवून घ्यायचे, पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाकडे जायचं, प्रेशर मोजायचं, लघवी तपासायची, काय खाता, किती चालता, तंबाखू किती, घरात कुणाला लकवा झाला होता का, हे विचारायचं. पुन्हा सहा महिन्यांनी जायचं. मग पुन्हा. कुणाला काय होतं आणि कुणाला काय होत नाही, हे पाहत राहायचं. ऐकायला सोपं आहे. पण बरा असलेल्या माणसाला दंड उघडायला सांगून पाहा. फ्रीगंजमधल्या एका दुकानदाराने मला दोन वेळा विमा कंपनीची समजून हाकललं. एका निवृत्त सुभेदाराने पट्टा बांधून घेतला, पण फुगा दाबू दिला नाही; हवा भरलीत तर रक्त उलटं फिरेल असं त्याचं म्हणणं होतं. उलट एक पुजारी रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर यायचे. मोजून घेतलं की त्या दिवशी मरण येत नाही, असा त्यांनी समज करून घेतला होता. मी त्यांचा समज मोडला नाही. चालत यायचे, तेवढाच व्यायाम.

पहिलं वर्ष संपलं आणि दोन्ही शहरांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा मोठीच अडचण उभी राहिली. इंदूरच्या म्हाताऱ्यांचं प्रेशर उज्जैनच्या म्हाताऱ्यांपेक्षा फारच चढं निघालं. आमच्या दवाखान्यातल्या ग्वाल्हेरकडच्या मंडळींना गुदगुल्या झाल्या. होळकरांच्या राज्यात तूप जास्त, वगैरे विनोद सुरू झाले. सक्सेनांच्या कानावर ते गेलेच. ते तावातावाने उज्जैनला आले. तुमची माणसं नीट मोजतच नाहीत, असं त्यांनी माझ्यासमोरच भागवतांना सुनावलं. मोजणारी माणसं म्हणजे प्रामुख्याने मी. माझे कान तापले.

भागवत शांतपणे म्हणाले की शहरांची तुलना करण्याआधी आपण आपली तुलना करू. आमच्या यादीत फ्रीगंजमधले एक निवृत्त स्टेशनमास्तर होते, आपटे म्हणून, गप्पिष्ट आणि सहनशील. त्यांच्या घरी आम्ही सगळे गेलो. एकाच खुर्चीत एकच माणूस, एकच दंड, आणि आम्ही आळीपाळीने मोजायचं, आकडा एकमेकांना सांगायचा नाही. आपटे मास्तरांनी एवढीच अट घातली की दर फेरीनंतर चहा सगळ्यांनी घ्यायचा. त्यांच्या पत्नीने तेव्हा काय शिव्या घातल्या असतील त्या घातल्या असतील, पण चहा आला.

प्रेशरचे आकडे दोन असतात. पट्ट्यात हवा भरून हळूहळू सोडली की नळीतून रक्ताचा ठोका ऐकू यायला लागतो, तो पहिला आकडा. मग ठोका मंदावतो आणि शेवटी नाहीसा होतो, तो दुसरा. सक्सेना मंदावल्यावर लिहीत, आम्ही नाहीसा झाल्यावर. पुस्तकांत दोन्ही पद्धती होत्या, त्यामुळे चूक कुणाचीच नव्हती. आणखी एक गोष्ट बोलता बोलता निघाली. सक्सेना माणसांना दवाखान्यात बोलवत, आणि तो दुसऱ्या मजल्यावर होता. म्हातारी माणसं जिने चढून धापा टाकत यायची आणि यायची तशी खुर्चीत बसवली जायची. आम्ही घरी जायचो, आधी गप्पा व्हायच्या, पाणीबिणी व्हायचं, मग पट्टा.

सक्सेना खुर्चीत मागे रेलले आणि हसायला लागले. "मतलब इंदौर बीमार नहीं है, मैं जल्दबाज़ हूँ!"

हसणं तिथे संपलं. कारण भागवतांनी पुढचा प्रश्न विचारला. या वर्षाच्या आकड्यांचं काय करायचं? काही सुधारून घेता येतील, असं मी म्हटलं. माझी ती तंगडतोड होती, उन्हातान्हात केलेली. सक्सेना म्हणाले, फेकून द्या, दोन्हीकडचे. आमचे आकडे तर बरोबर होते, ते कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण भागवतांनी आधीच होकाराची मान डोलावली होती. ते म्हणाले, दोन्ही शहरांनी एकाच मापाने सुरुवात करायची, म्हणजे कुणी कुणाच्या वर नाही. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं. आज वाटतं, ग्वाल्हेरवाले आणि होळकरवाले खऱ्या अर्थाने एक राज्य झाले ते आपटे मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत. त्यानंतर सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजायचं ठरलं: आधी बसवायचं, बोलू द्यायचं, मग शांत राहू द्यायचं, आणि ठोका नाहीसा होईपर्यंत ऐकायचं.

पुढे काय काय कळत गेलं ते सांगत बसत नाही, आज ते सगळ्यांनाच माहीत आहे. मीठ कमी करा, चाला, तंबाखू सोडा. तेव्हा मात्र हे सांगणं म्हणजे युद्ध होतं. मालव्यात सेव, म्हणजे आपली शेव, सोडा म्हणणं म्हणजे गाव सोडा म्हणण्यासारखं आहे. पोह्यांवर सेव, भाजीत सेव, नुसती सेव. एक शेठजी मला म्हणाले की बिना सेवचे दहा वर्षं जास्त जगून मी करणार काय. उत्तर व्यासजींनी दिलं. ते म्हणाले, शेठजी, जास्त जगायचं कोण म्हणतंय, जेवढं आहे तेवढं स्वतःच्या पायांवर जगायचं. आमच्या सगळ्या कामाचं मर्म त्या माणसाने सेवच्या दुकानासमोर उभं राहून सांगितलं. शेठजींनी सेव सोडली नाही, पण अर्धी केली, आणि तेही आम्ही यश म्हणूनच धरलं.

एक गोष्ट मात्र मला आजही सलते. आमच्या पहिल्या योजनेत बायका नव्हत्याच. बायका दंड उघडणार नाहीत, घरचे परवानगी देणार नाहीत, असं दोन्ही डॉक्टरांनी गृहीत धरलं होतं. खरं तर मी घरात जायचे तेव्हा स्वयंपाकघरातूनच जायचे, आणि सुना सासवांना माझ्यासमोर आणून बसवायच्या. मी त्यांचे आकडे घ्यायचे, त्यांना सांगायचे, पण ते अभ्यासात धरले जायचे नाहीत; म्हणून त्यांच्याकडे पुन्हा जाणं नाही, औषध नाही. मी दरवर्षी विषय काढायचे आणि भागवत म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. मग आमच्या पाहणीतल्या एका घरची आजी चुलीपुढे कोसळली. तिच्या नवऱ्याचं प्रेशर आम्ही नेमाने मोजत होतो आणि तो ठणठणीत होता. तिला वॉर्डात आणलं तेव्हा मी भागवतांना बोलावलं, तिच्या खाटेपाशी उभं केलं आणि म्हटलं, "साहेब, हिला आदल्या दिवशी भेटायला आपण तिच्याच घरात होतो." सोमवारपासून बायका धरा, एवढं बोलून ते गेले. इंदूरलाही तसंच झालं. पण आधीची वर्षं गेली ती गेलीच.

आता रहीमबख्श चाचांची गोष्ट. ती सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

उज्जैनच्या वेशीवरच्या भैरवगढला कापडावर लाकडी ठप्प्यांनी छपाई करणारे छीपा लोक आहेत. नदीकाठी रंगवलेली कापडं वाळत असतात आणि घराघरातून ठप्प्यावर मूठ आपटल्याचा आवाज येत असतो. रहीमबख्श चाचा तिथले नावाजलेले छीपा. साठीच्या पुढचे, तरी ठप्पा असा ठेवायचे की जोड कुठे आहे तो शोधूनही सापडू नये. त्यांचं प्रेशर मोजलं आणि मी पुन्हा मोजलं. इतका वर गेलेला आकडा मी चालत्याबोलत्या माणसात पाहिला नव्हता. त्यांना काहीही होत नव्हतं. भागवत आले, त्यांनी सर्पगंधेच्या गोळ्या सुरू केल्या. व्यासजींनी मात्रा जरा कमी ठेवा असं सुचवलं. सक्सेना म्हणाले, एवढ्या आकड्याला कमी मात्रा पुरणार नाही. मात्रा पूर्ण ठेवली, आणि आकडा उतरला. झरझर उतरला. आमच्या सगळ्या यादीत त्यांच्याइतका सुधारलेला माणूस नव्हता. सक्सेना इंदूरला त्यांचं उदाहरण देत.

काही महिन्यांनी गेले तेव्हा चाचांनी नाक बंद राहतं अशी तक्रार केली. सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. पुढच्या खेपेला ते छपाईच्या मेजापाशी नव्हते. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी सलाम केला, त्यांनी मान हलवली. त्यांच्या मुलाने सांगितलं की अब्बा आता काम करत नाहीत, जेवायचंही मन होत नाही, बूढ़े हो गए. त्यांची बायको, आम्ही सगळे तिला बीबी म्हणायचो, दारात उभी होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली की माणूस असा दोन महिन्यांत म्हातारा होत नाही, तुमच्या गोळ्यांनी काहीतरी नेलंय त्यांचं.

मी चाचांपाशी बसले. काय होतंय, विचारलं. ते भिंतीकडे पाहतच बोलले.

"जी उचट गया, बेटी. अब बस हो गया."

मन उडालं होतं त्यांचं. पेटी उघडून मोजलं. आकडा अगदी उत्तम होता.

मी हे बैठकीत मांडलं. सक्सेनांचं म्हणणं पडलं की या वयात उदासी येते, गोळ्या बंद केल्या तर लकवा येईल आणि त्याची जबाबदारी कोण घेणार. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. भागवत दोन्हीकडे झुलत होते. व्यासजी म्हणाले की ही मुळी मन शांत करण्यासाठीच दिली जाते, आणि शांत करता करता एखाद्याचं मन पार विझवतेही, त्यांनी तसे रुग्ण पाहिलेत. सक्सेना चिडले. मग आम्ही औषध द्यायचं की नाही, ते सांगा, म्हणाले. व्यासजी म्हणाले, "ते मी एकट्याने कसं सांगू? आकडा तुम्हाला कळतो, मुळी मला कळते, माणूस सिस्टरला माहीत आहे. चला ना, तिघं मिळून जाऊन पाहू."

आम्ही सगळे टांग्याने भैरवगढला गेलो. तिथे सक्सेना चाचांच्या समोर खाली जमिनीवर बसले. तपासलं नाही. एक न विकलेला तागा भिंतीशी पडला होता, तो ओढून त्यांनी विचारलं की हा जोड कुठे आहे ते दाखवा, मला दिसत नाही. पूर्वीचे चाचा असते तर अर्धा तास बोलले असते. त्यांनी कापडाकडे पाहिलंसुद्धा नाही. सक्सेना बसून राहिले, पुन्हा विचारलं, आणि मग हळूच ताग्याची घडी घातली.

बाहेर येऊन ते भागवतांना म्हणाले, "ये बुढ़ापा नहीं है. ये हमारी गोली है."

गोळी थांबवली. पुढचे दिवस आमच्या सगळ्यांच्या परीक्षेचे होते, कारण आकडा पुन्हा वर सरकायला लागला. मी दर दोन दिवसांनी जायचे. बीबीने मिठाचं मडकं उचलून शेजारणीकडे ठेवून दिलं. मुलांनी त्यांना सकाळी नदीपर्यंत चालवायला सुरुवात केली, आधी धरून, मग नुसतं सोबत. आधी नाक मोकळं झालं. मग जेवण. मग एका सकाळी मी गल्लीत शिरले तेव्हा बीबी दारातच उभी होती, तिने आत बोट दाखवलं. चाचा मेजापाशी उभे होते आणि नातवाला ठप्पा वाकडा ठेवल्याबद्दल रागावत होते. माझ्याकडे पाहून म्हणाले की पारा नंतर पाहा, आत्ता चढलाय. नंतर व्यासजी आणि सक्सेना यांनी मिळून मात्रा ठरवली, अगदी थोडी, आणि दर भेटीला आकड्याबरोबर मनाचंही विचारायचं असा नियम झाला. झोप लागते का, जेवावंसं वाटतं का, कामात जीव लागतो का. हा नियम इंदूरलाही गेला. तिथे आणखी काही माणसं अशी निघाली, ज्यांना घरच्यांनी आणि आम्हीही म्हातारे समजून सोडून दिलं होतं. म्हातारपणावर ढकलायच्या आधी विचारायचं, ही सवय मला तिथे लागली. आजतागायत सुटलेली नाही.

मग छप्पन साल आलं. राज्यांची पुनर्रचना झाली, मध्यभारत मोडून मोठं मध्यप्रदेश झालं आणि राजधानी भोपाळला गेली. आमची मंजुरी मध्यभारताची होती, ते राज्यच राहिलं नाही. भागवतांची बदली जबलपूरला झाली, सक्सेनांना भोपाळला बोलावलं. यंत्रं खात्यात जमा करा असा हुकूम आला. मलाही भोपाळच्या मोठ्या दवाखान्यात बढतीची जागा देऊ केली गेली. आईला आनंद झाला. मला रात्रंदिवस एकच विचार: गोळ्या चालू असलेल्या माणसांचं काय? चाचांना कोण विचारणार, जीव लागतो का म्हणून? शेवटच्या बैठकीत मी सांगितलं की मी बढती घेत नाही, उज्जैनलाच साध्या नर्सच्या जागेवर राहते. भागवत म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, केलाय. व्यासजींनी आपलं अंगण देऊ केलं. दर रविवारी सकाळी तिथे बसायचं, ज्याला यायचं तो येईल. हुकूम नाही, मंजुरी नाही, पाहू या काय होतं.

पहिल्या रविवारी मी अंगणात जाजम घालून बसले खरी, पण माझ्याकडे यंत्रच नव्हतं. ते जमा झालं होतं. व्यासजी म्हणाले, नाडी तर आहे ना. आधी पुजारी आले. मग आपटे मास्तर, पत्नीला घेऊन. शेठजी आले, खिशात सेव नाही हे दाखवत. बायका आल्या, सुनांसकट. भैरवगढहून टांगा भरून छीपा मंडळी आली. चाचा टांग्यात बसले नव्हते. ते मागून चालत आले. अंगण भरलं आणि मी रिकाम्या हाताने उभी. तेवढ्यात दाराशी आणखी एक टांगा थांबला आणि सक्सेना उतरले. भोपाळहून पहाटेच्या गाडीने निघाले होते. काखेत स्वतःच्या खाजगी यंत्राची पेटी. इकडेतिकडे न पाहता ते खाली बसले आणि मला म्हणाले, "सिस्टरजी, पहले सबको बिठाइए. जल्दबाज़ी नहीं."

ते यंत्र त्यांनी परत नेलं नाही. महिन्यातून एकदा ते यायचे, भागवत जबलपूरहून सुट्टी काढून यायचे. बाकीचे रविवार व्यासजी आणि मी. पुढे नव्या सरकारने ते काम दवाखान्याचं म्हणून मान्य केलं, पण तोवर आम्हाला मान्यतेची सवय राहिली नव्हती. दोन्ही शहरांचा मिळून अहवाल निघाला, त्यात बायकांचं प्रकरण वेगळं होतं, थोडं आखूड. त्याने जगात खळबळ वगैरे माजली नाही. पण लकव्याच्या त्या कोपऱ्यात आमच्या मोहल्ल्यांची माणसं कमी यायला लागली, हे मी वॉर्डात उभी राहून पाहिलं आहे. जे घडलं नाही त्याबद्दल कुणी आभार मानायला येत नाही. या धंद्यात त्याची खंत करायची नसते.

रहीमबख्श चाचा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. मेजापाशी उभे राहणं शेवटी शेवटी कमी झालं, तरी नातवांच्या कामातले जोड तपासायला बसायचेच. थंडीतल्या तापाने ते गेले, दोन-तीन दिवसांत. मी भेटायला गेले तेव्हा बीबी आतल्या खोलीत बसली होती. मी शेजारी बसले. तीच आधी बोलली.

"सिस्टर, आख़िरी दिन तक अपने हाथ से पानी पिया. किसी को गिलास पकड़ना नहीं पड़ा."

मी तिचा हात हातात घेऊन बसले. मुलाने चहा आणला, तो आम्ही दोघींनी घेतला. मग मी उठले. गल्लीच्या टोकाच्या घरात एक म्हातारा छीपा, कधी आजारी न पडलेला, दंड उघडा करून माझी वाट पाहत होता.